अमेरिका, रशिया आणि कालकथित लिंबाजी

अमेरिका मोठी का झाली आणि रशिया मोठा का झाला, हे मला पुस्तकातून शिकवू नका. दोन्ही मी माझ्या हातानं रंगवलेत. सगळी हकीकत मला ठाऊक आहे.

परवा आमचा नातू मोठ्यानं पाठ करत होता. त्याची कसली तरी परीक्षा आहे. राष्ट्रं महासत्ता का होतात? खनिज संपत्ती, उद्योगधंदे, नौदल, शिक्षण. मी म्हणालो, "आणि स्मरणार्थ?" तो म्हणाला, "आबा, तुमचा चहा गार व्हायलाय." घरात कुणी ऐकून घेत नसलं की माणूस दिवाळी अंकाकडं वळतो. म्हणून हे लिहितोय.

मी बोर्ड पेंटर. परभणीत बसस्टँडच्या मागं माझी टपरी होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे शेर, लग्नाचे कापडी फलक, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. आता मशीनवर छापलेले फलक आले आणि ज्याला नीट उभी रेघ ओढता येत नाही तोसुद्धा पेंटर झाला. असो. माझी गिऱ्हाईकं मात्र मशीनला झेपली नसती. एका हॉटेलवाल्यानं माझ्याकडून दोन बाजूंची पाटी करून घेतली होती. जिंतूरकडून येणाऱ्याला दिसायचं 'शुद्ध शाकाहारी', आणि जिंतूरला जाणाऱ्याला 'गरम मटण'. मी विचारलं, "मालक, एकच माणूस येईल पण आणि जाईल पण, त्याचं काय?" तो म्हणाला, "तवर त्याला भूक लागलेली आसती."

ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून सगळा मराठवाडा ताणलेला. घरं जळाली, माणसं गेली, ते मी विनोदात घालणार नाही. पाट्या रंगवणाऱ्याला त्या दिवसांत एक गोष्ट चांगलीच कळली. लोक भाकरीवाचून दोन दिवस काढतील, पण नावाचं नाव काढलं की कुणी मागं हटत नाही. एक टोळकं येऊन नाव लिहून घ्यायचं, दुसरं येऊन त्यावर डांबर फासायचं. मला मात्र दोन्हीकडचे दम ऐकावे लागायचे.

तर अशात जिंतूर रोडच्या आतल्या एका गावाहून बोलावणं आलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझं येणंजाणं आहे. शाळेचे हेडमास्तर भीमाशंकर गुरुजी स्वतः एसटीनं टपरीवर आले. बारीक, तळमळीचा माणूस. म्हणाले, "पेंटर, शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर जगाचा नकाशा पाहिजे. मोठा. आमच्या पोरांना जिंतूरच्या पलीकडं काही आहे हेच पटत नाही. बलाढ्य राष्ट्रं बलाढ्य का झाली, ते मला भिंतीपुढं उभं राहून शिकवायचंय. साहेबांच्या तपासणीच्या आत झालं पाहिजे."

मला जगाचा नकाशा येत नव्हता. पण तो येण्याची गरजच नसते. पुस्तकातल्या लहान नकाशावर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखायचे आणि भिंतीवर तेवढेच, पण मोठे. सुतळीला नीळ लावून दोघांनी दोन टोकं धरायची, मधे ओढून सोडली की भिंतीवर फट्‌दिशी सरळ रेघ उमटते. मग एकेका चौकोनात जे वाकडंतिकडं असेल ते तसंच मोठं करत जायचं. आपण ऑस्ट्रेलिया काढतोय की म्हशीची पाठ, हे शेवटपर्यंत नाही कळलं तरी चालतं.

रंगाला शाळेकडं काही नव्हतं. गुरुजींनी गावात सांगितलं, की ज्यानं त्यानं रंगाचे डबे द्यावेत. आता आपल्याकडं कुणी काही दिलं की त्यावर नाव येतं, हे मी सांगायला नको. देवळातल्या घंटेवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, बाकड्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. त्याच शाळेतल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर सरपंच माणिकरावांच्या आजोबांचं नाव होतं. पंखा लावला की आजोबा दिसेनासे व्हायचे, म्हणून माणिकराव शाळेत आले की भर उन्हाळ्यात पंखा बंद करायचा दंडक होता. हे माहीत असून गुरुजींनी रंग मागितला. पहिला डबा घेऊन माणिकरावच आले, आणि डबा खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "आमच्या बाबांच्या नावानं अमेरिका लिवा."

झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत बैठक बसली आणि जगाची वाटणी सुरू झाली.

माणिकरावांनी अमेरिका घेतली म्हणताच दिगंबररावांनी रशिया घेतला. या दोन घरांचं तीन पिढ्या जमत नव्हतं. तेलघाणेवाल्यानं अरबस्तान घेतला. "तिथं तेल निघतं म्हनं," असं तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. चीन गावच्या शिंप्याला मिळाला, कारण तो उशिरा आला. इंग्लंड कुणी घेईना, त्यांनी आपल्यावर राज्य केलं म्हणून. शेवटी गुरुजींनीच ते आपल्या सासऱ्यांच्या नावे घेतलं. सासऱ्यांचं आणि त्यांचं फारसं जमत नव्हतं.

खंडूतात्या म्हणून एक म्हातारे होते, निजामाच्या वेळी तुरुंगात जाऊन आलेले. त्यांनी काठी आपटून विचारलं, "निजामाचं राज्य कुठं हाय?"

गुरुजी म्हणाले, "तात्या, ते केव्हाच गेलं. तुम्हीच तर घालवलं."

"ते म्हाईत हाय मला. पण नकाशावर तर ठेवा! नकाशावर न्हाई म्हनल्यावर आमी काय पाडलं, ते पोरायला कसं कळंल?"

त्यांची समजूत घालण्यात अर्धी दुपार गेली. भारत कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा, असं एकमतानं ठरलं. सगळ्यांचा असल्यामुळं त्याच्यासाठी रंगाचा डबा कुणीच आणला नाही. शेवटी सगळ्यांच्या डब्यांचा गाळ एकत्र करून मी भारत रंगवला.

मी चौकोनाप्रमाणं काम सुरू केलं आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या नाकी नऊ आले. माणिकराव सकाळी यायचे आणि विती घालून अमेरिका मोजायचे. मग रशिया मोजायचे. "पेंटर, हे दोन विती जास्त कसं?" मी म्हणायचो, "मालक, ते तसंच हाय जगात." "जगात आसंल. ही आपल्या गावची भित हाय." अमेरिका वाढवायची तर वर कॅनडा. कॅनडा त्यांच्या मेहुण्यांच्या वडलांचा. मेहुणे पूर्णेला रेल्वेत, गावाकडं येणं नाही. त्यामुळं अमेरिका वर सरकली आणि कॅनडा पापडाएवढा उरला.

तिकडं रशियाच्या पूर्वेला नेमकी वर्गाची खिडकी आली. दिगंबरराव खिडकीपुढं उभे राहून ओरडले, "माझ्या बापाच्या छातीवर खिडकी! आन् ती पोरं त्यातून थुकत्यात!" भरपाई म्हणून रशिया चीनमधे उतरवावा लागला. शिंपी गरीब माणूस, त्याला कुणी विचारलंच नाही. अमेरिकेचा नवा डबा आला की संध्याकाळी रशियाचा यायचा. आफ्रिका काकडीसारखी झाली. युरोप तर मी अंगठ्यानं पुसला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भीमाशंकर गुरुजींनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "माणिकराव, राष्ट्रं अशी मोठी होत नसतात हो!"

"मग कशी होत्यात?"

"कोळसा लागतो. लोखंड लागतं. बंदरं लागतात. शिकलेली माणसं लागतात."

माणिकराव शांतपणे म्हणाले, "गुरुजी, माझ्याकडं कोळसा हाय का? लोखंड हाय का? बंदर हाय का? मी कितवी शिकलोय? तरी बी सरपंच मीच हाय न्हवं?"

गुरुजी हजेरीपट उचलून वर्गात गेले.

असं सगळं चाललेलं असताना सोनाबाई आली. पन्नाशीची, रोजानं शेतात जाणारी, बौद्ध वस्तीतली. चार दिवस ती कामावरून येताना लांब उभी राहून भिंत बघायची आणि जायची. त्या दिवशी जवळ आली. पदराखालून निळ्या ऑइलपेंटचा डबा काढला आणि म्हणाली, "पेंटरभाऊ, येखादा देश राह्यलाय का?"

मी विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"आमच्या मालकाच्या. लिंबाजी. ही भित त्यांनीच बांधली. गवंड्याच्या हाताखाली होते. दगूड न् दगूड त्यांचा हाय. पर शाळेत कुटंच त्यांचं नाव न्हाई. पंख्यावर हाय, माठावर हाय, समद्यायची नावं हायेत. ज्यानं भित उभी केली त्याचंच न्हाई." आणि मग मला बजावलं, "कैलासवासी लिवू नका. आमच्यात कालकथित लिवत्यात."

हा शब्द मी तोवर लिहिला नव्हता. तिच्या वस्तीतल्या एका शिकलेल्या पोरीकडून कागदावर उतरवून घेतला. बाई सरळ बोलत होती, पण डबा तिनं अजून हातातून सोडला नव्हता. ती काय मागतेय हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणालो, "मावशी, श्रीलंका मोकळी हाय." रावणाची म्हणून ती कुणी घेतली नव्हती. सोनाबाईचा चेहरा खुलला. बुद्धाचा धम्म तिथं गेला, हे तिला माहीत होतं. पण ही बातमी पारावर पोचायला चहा उकळण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. ज्या श्रीलंकेकडं आठवडाभर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिला तासाभरात तीन दावेदार उभे राहिले. एकाला तर आपला एक चुलत आजा त्याच दिवशी आठवला. ब्रह्मदेश म्हटलं, तो गेला. नेपाळ म्हटलं, गेला. सोनाबाई ज्या देशाकडं बोट करील तो देश भरून जायला लागला. आधी मला हसू येत होतं. मग यायचं बंद झालं आणि राग यायला लागला. पण पेंटरच्या रागाला कोण विचारतो?

बैठक पुन्हा बसली. गुरुजी म्हणाले, "डबा आणलाय, तर नाव द्यावं लागेल. सगळ्यांना एक न्याय."

माणिकराव भिंतीकडं बघत होते. देश सगळे रंगून झाले होते आणि मधे, खाली, बाजूला भिंतीचा चुना उघडा पडला होता. समुद्राला रंग द्यायचं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. माणिकराव हसून म्हणाले, "निळा डबा हाय ना? मग समुद्र घे म्हनावं. देश कशाला पायजे?" बैठक खदखदून हसली. दिगंबररावसुद्धा हसले, माणिकरावांच्या बोलण्यावर ते आयुष्यात तेवढे एकदाच हसले असतील.

सोनाबाई हसली नाही. तिनं मला विचारलं, "समुद्र म्हंजी कोणता, पेंटरभाऊ?"

मी ब्रशानं दाखवलं. "हा. आन् हा. आन् हा खालचा सगळा."

तिनं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "चालंल. पर एका डब्यात भागायचं न्हाई."

डब्यात भागलं नाहीच. पण निळा रंग त्या वस्तीत घरोघर होता. जयंतीच्या कमानीचा उरलेला, दारांचा उरलेला, कुणाकडं वाटीभर, कुणाकडं अर्धा डबा. बायका आणून देत गेल्या. छटा काही जुळेनात, त्यामुळं आमचा समुद्र जागोजागी वेगळा झाला, आणि गुरुजी खूष झाले, म्हणाले खरा समुद्र असाच असतो. त्यांनी तो पाहिलेला नव्हता. माझी खरी अडचण अक्षरांची होती. देशांत जागा कमी, म्हणून तिथली नावं बोटभर उंचीची. समुद्रात जागाच जागा. मोकळ्या जागेत बारीक अक्षर काढलं तर पेंटरची लाज जाते. मी हातभर उंचीची, सावली दिलेली, पांढरी अक्षरं काढली: 'कालकथित लिंबाजी यांच्या स्मरणार्थ'. आफ्रिकेच्या अलीकडून सुरू झालं ते ऑस्ट्रेलियाच्या पलीकडं संपलं. आयुष्यात मी इतकं देखणं काम परत केलं नाही.

गावानं ते पाहिलं, पण कुणाच्या नीट ध्यानात आलं नाही. जो तो आपापल्या देशासमोर उभा राहून आपल्याच बापाचं नाव वाचत होता. ध्यानात आलं ते तपासणीच्या दिवशी. साहेबांनी तिसरीतल्या एका मुलीला उभं केलं आणि नकाशा दाखवून विचारलं, "जगातली सगळ्यात मोठी सत्ता कोणती?"

पोरीनं भिंतीवर सगळ्यात मोठं जे होतं ते वाचलं. "लिंबाजी, सर."

"लिंबाजी कोण?"

"सोनाआजीचे मालक, सर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पहिल्यांदा भिंत नीट वाचली. "हेडमास्तर, हा नकाशा आहे का वंशावळ? सगळी नावं काढून टाका!" असं म्हणून ते जीपमधे बसले. माणिकराव मात्र जागचे हलले नाहीत. ते अमेरिका बघत होते, मग समुद्र बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. अमेरिकेच्या तिन्ही बाजूंना लिंबाजीचा समुद्र होता.

मला निरोप आला, टर्पेंटाइन घेऊन या. मी चिंध्या घेऊन गेलो. भिंतीपुढं सगळं गाव जमलेलं. माणिकराव म्हणाले, "पेंटर, पैले समुद्रातलं काढा."

सोनाबाई समोर आली. ओठ आवळलेले. "काढा. पर सायबानं समदी म्हनलंय. अमेरिकेपासनं सुरू करा."

"बराबर हाय," दिगंबरराव म्हणाले. "पैले अमेरिका पुसा. मग आमी रशियाचं बघू."

"पैले रशिया!"

"आमच्या बापाला हात लावायच्या आधी तुमचा बाप पुसा!"

मी चिंधी भिजवून बसलो होतो. ती वाळली. परत भिजवली, परत वाळली. लिंबाजीला काढायचं तर आपल्या बापाचं नाव आपल्या डोळ्यांदेखत पुसलं जाणार, हे प्रत्येकाला कळत होतं, आणि पहिला कोण, यावर कुणाचंच जमेना. मोठमोठी राष्ट्रं बाँब घेऊन एकमेकांकडं बघत बसतात आणि टाकत कुणीच नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसून पाहिलं. संध्याकाळ झाली तशी माणसं जनावरांच्या धारा काढायला घरी गेली. गुरुजींनी वर कळवलं, 'काम प्रगतिपथावर आहे.' पुढं जितक्या वेळा विचारणा झाली तितक्या वेळा त्यांनी तेच कळवलं आणि ते सुखानं निवृत्त झाले.

नावं राहिली. सोनाबाई रोज कामावरून येताना भिंतीपुढून जायची. थांबायची नाही. चाल थोडी हळू व्हायची, एवढंच. मी गावात असलो की "जयभीम, पेंटरभाऊ" म्हणायची.

मग काही वर्षांनी खरोखरचा रशिया फुटला, आणि त्याच सुमाराला दिगंबरराव वारले आणि त्यांच्या तीन पोरांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, बैल वाटले, आणि तिघं माझ्या टपरीवर आले. थोरला म्हणाला, "रशियाचे तीन भाग करून द्या. आता बाबांचं नाव प्रत्येकाला पायजे." मी म्हणालो, "चला, जगाबरोबर तरी राहाल."

भिंतीवर रेघा मारल्या, तर धाकट्याच्या वाट्याला पूर्वेचा भाग आला, खिडकीसकट. तो तापला. "ह्यांना भित आन् मला खिडकी? मला भरपाई पायजे." भाऊ तसूभर द्यायला तयार नव्हते. चीनमधे आणखी उतरायला जागा नव्हती, शिंपी आधीच दारात येऊन उभा होता. उरला बाजूचा समुद्र. वाटणीला बसलेले पंच म्हणाले, घे की चार बोटं समुद्र. मी म्हणालो, "तसं न्हाई घेता येत. समुद्र सोनाबाईचा हाय. तिला इचारा."

विचारायचं म्हणजे वस्तीत जायचं. दिगंबररावांच्या घरातलं कुणी त्या वस्तीत कुणाच्या दारात गेल्याचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. धाकटा मला पुढं घालून निघाला. सोनाबाई आता थकली होती, भिंतीला टेकून तूर निवडत बसली होती. तो अंगणात उभा राहिला आणि त्याला सुरुवातच सुचेना. शेवटी म्हणाला, "सोनाबाई… मावशी. थोडा समुद्र पायजे होता."

ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही. गंभीरपणे मला विचारलं, "मालकाच्या अक्षराला धक्का लागंल का?"

"न्हाई मावशी. शेवटच्या अक्षराच्या बरंच वर संपतंय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, तांब्या-फुलपात्र घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरलं. "उनाचं आलाव. पैले पानी प्या. समुद्राचं मग बोलू."

धाकटा फुलपात्राकडं बघत उभा राहिला. शेजारच्या दारांत बायका येऊन थांबल्या. त्यानं एकदा मागं रस्त्याकडं पाहिलं. सोनाबाईचा हात थकलेला होता, पण तिनं तो खाली घेतला नाही.

मग त्यानं फुलपात्र घेतलं, आणि ओठाला लावून सगळं प्यायलं.

"आता घ्या," सोनाबाई म्हणाली. "चार बोटं कशाला, वीतभर घ्या."